उघडी वही

वेलचेरीतील आमच्या बिऱ्हाडाहून सायंकाळी फिरावयास निघाले म्हणजे थोड्याच वेळात आय.आय.टी.च्या वनराईची भिंत लागते. पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने १९५९ साली स्थापन झालेल्या या संस्थेत १९७३ साली आय.बी.एम.चे ३७०/१५५ हे भले मोठे संगणकयंत्र आले. त्या काळी गणित छिद्रांकित पत्त्यांवर उतरवून यंत्रशाळेच्या खिडकीत द्यावयाचे आणि उत्तराची वाट पाहावयाची, अशी रीत असे. सामान्य मनुष्य आणि यंत्र यांच्यामध्ये तज्ज्ञ उभा असे. देवळातल्या पुजाऱ्याप्रमाणे गाभाऱ्यातले काय ते त्यालाच ठाऊक. हा पडदा कसकसा दूर होत गेला, याची हकीकत आम्हां कारकुनांसही उद्बोधक वाटेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

आरंभ तंजावरपासून करतो. मद्रासेकडे बदली झालेला मराठी माणूस एकदा तरी तेथे जातोच. दुसरे सरफोजी महाराज (राज्यकाल १७९८ ते १८३२) हे विद्येचे मोठे भोक्ते. त्यांच्या पदरच्या छापखान्यातून इसापच्या गोष्टी मराठीत १८०६ साली बाहेर पडल्या. परंतु त्याच तंजावरचे मोडी दफ्तर पाहिले म्हणजे मन खिन्न होते. कागद शाबूत आहेत, शाई शाबूत आहे, हिशेबही बहुधा चोख असेल. पण वाचणारे उरले थोडे. ज्या कारकुनाने तो आकडा मांडला त्याला तो का मांडला हे ठाऊक होते. ते 'का' त्याच्याबरोबर गेले, आणि मागे नुसता आकडा राहिला.

यंत्राच्या आज्ञावलीचेही असेच होते. अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांनी १९८४ साली असे प्रतिपादिले की, आज्ञावली ही यंत्राने पाळावयाची आज्ञा असली तरी ती मुख्यतः माणसाने वाचावयाचा निबंध म्हणून लिहिली पाहिजे. तत्पूर्वी १९७९ साली ब्रिकलिन आणि फ्रँकस्टन यांच्या 'व्हिसिकॅल्क'ने आकड्यांचा तक्ता सामान्य व्यापाऱ्याच्या हाती दिला होता. मात्र त्यात उत्तर डोळ्यांपुढे असे आणि कृती चौकटीआड लपलेली असे. १९८८ साली 'मॅथेमॅटिका'ने मजकूर, गणित आणि उत्तर एकाच वहीत क्रमाने मांडून दाखविले. २००१ साली फर्नांडो पेरेझ या विद्यार्थ्याने 'आयपायथन' रचले. २०११ साली त्याला वहीचे रूप आले, आणि २०१४ साली त्यातूनच 'ज्युपिटर' प्रकल्प निघाला. ज्युलिया, पायथन आणि आर या तीन संगणकभाषांची अक्षरे त्या नावात गुंफली आहेत. शिवाय १६१० साली गुरूच्या उपग्रहांची टिपणे ठेवणाऱ्या गॅलिलिओच्या वह्यांचेही त्यात स्मरण आहे.

या वहीची रचना अगदी साधी आहे. एका कप्प्यात साध्या भाषेतले विवेचन, त्याखालच्या कप्प्यात आज्ञा, त्याखाली उत्तर. आता तिला नाना प्रकारच्या पुरवण्या जोडता येतात. एका पुरवणीने सरकती पट्टी मिळते. ती हलविली की आकडा बदलतो आणि आज्ञेला हात न लावता परिणाम दिसतो. २०२३ साली निघालेल्या एका पुरवणीने बाजूच्या चौकटीत साध्या शब्दांत प्रश्न विचारावा आणि कप्प्यातील आज्ञेचा अर्थ समजावून घ्यावा, अशीही सोय झाली. जो आज्ञावली लिहिणारा नव्हे, त्यालाही ती वाचता येऊ लागली.

याचा प्रत्यय मला निवृत्तिवेतनाच्या एका प्रकरणात आला. आमचे एक वृद्ध सहकारी ३० जूनला निवृत्त व्हावयाचे होते. अंतिम मूळ वेतन ५८,६०० रुपये. म्हणजे निम्म्याने २९,३००. वर्षभर सेवा करूनही केवळ १ जुलै उजाडण्यापूर्वी निवृत्त झाला म्हणून वेतनवाढ नाकारणे न्याय्य नव्हे, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ साली ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली तोच न्याय मान्य केला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राचे तत्संबंधी ज्ञापन निघाले. त्या न्यायाने निवृत्तिवेतनापुरते वेतन ६०,४०० धरून ३०,२०० व्हावयास हवे. पण माझ्या टेबलाकडे वारशाने आलेला तक्ता २९,३०० हाच आकडा पुनःपुन्हा देत होता. जुना नियम चौकटीआड कोठेतरी दडलेला; लिहिणारा बदलून गेलेला. तीन रात्री घरी बसून मी तोच हिशेब वहीत उतरविला: नियम शब्दांत, आज्ञा त्याखाली, उत्तर त्याखाली. पुरवणीस प्रश्न विचारीत विचारीत चूक सापडली. दरमहा ९०० रुपये आणि त्यावरील महागाई सवलत. आपल्यास किरकोळ, त्या गृहस्थास जन्मभराची. वही वाचून ते एवढेच म्हणाले, "आता माझे मलाच कळले."

तथापि भाबडेपणा नको. वहीतील कप्पे वाटेल त्या क्रमाने चालविता येतात, आणि मग पानावर एक व यंत्राच्या पोटात भलतेच, असे घडते. सुमारे १४ लक्ष सार्वजनिक वह्यांची एक पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ज्या पुन्हा चालवून पाहिल्या, त्यांतील जेमतेम २४ टक्के निर्वेध चालल्या. मूळचेच उत्तर देणाऱ्या तर अवघ्या ४ टक्के! समजावून सांगणारी पुरवणीही आत्मविश्वासाने चुकते. माझ्या प्रकरणात तिने प्रथम वेतनवाढीची तारीखच चुकीची धरली होती. ज्ञापन उघडून ताडून पाहिले म्हणून कळले. वही उघडी असली तरी नियम वाचण्याचे काम आपलेच राहते.

महाराष्ट्रात २००१ पासून 'एम.एस.-सी.आय.टी.' अभ्यासक्रमाने गावोगावच्या माणसांस संगणकासमोर निर्भयपणे बसविले, हे मोठेच कार्य होय. आपल्यापैकी कित्येकांच्या पेटीत ते प्रमाणपत्र असेल. परंतु यंत्र चालविता येणे ही अक्षरओळख झाली. त्याचा हिशेब वाचून 'हे असे का?' विचारता येणे, ही खरी साक्षरता.

आपण बदलीवर जगणारी माणसे. दर तीन-चार वर्षांनी कोणाकडून तरी चार्ज घ्यावयाचा, कोणाला तरी द्यावयाचा. माझाही हुकूम आज ना उद्या येईल. वेलचेरीचे बिऱ्हाड मोडताना कपाटाच्या किल्ल्यांबरोबर ही वहीही पुढच्या माणसाच्या हाती देईन. तो तमिळ असो, बंगाली असो. पहिल्या कप्प्यात मी नियम आणि त्याचे कारण लिहून ठेवले आहे.