डॉक्टर, कुरणमालक आणि विद्यापीठ

सर चार्ल्स निकल्सन हे नाव आपल्या इतिहासाच्या पुस्तकात नव्हते. नोकरीनिमित्त सिडनीला आल्यावर, विद्यापीठाच्या संग्रहालयात इजिप्तच्या वस्तू पाहताना ते मी प्रथम वाचले.

१८३३ साली एडिनबरोहून वैद्यकीची पदवी घेऊन निकल्सन पुढच्याच वर्षी सिडनीत आले आणि त्यांनी व्यवसाय सुरू केला. १८३६ मध्ये मामा वारले. त्यांची मोठी मालमत्ता हाती आल्यावर डॉक्टर जमीनदार आणि कुरणमालक झाले. इंग्लंडच्या गिरण्यांना लोकर हवी होती आणि वर्षाला १० पौंडांचा परवाना काढला की सरकारी जमिनीवर मेंढ्या चारता येत. त्या जमिनीवर हजारो वर्षे राहणाऱ्या मूळ रहिवाशांना मात्र कोणी विचारले नव्हते.

१८४३ मध्ये ते न्यू साउथ वेल्सच्या विधान परिषदेवर निवडून गेले, १८४६ ते १८५६ सभापती होते. १८६० मध्ये नव्या क्वीन्सलँडच्या विधान परिषदेचे पहिले अध्यक्षही झाले.

पण त्यांचे खरे काम सिडनी विद्यापीठाचे. १८५० साली कायदा झाला, १८५२ मध्ये २४ विद्यार्थ्यांनिशी वर्ग भरले. तेव्हा ऑक्सफर्डच्या पदवीसाठी इंग्लंडच्या चर्चशी निष्ठा दाखवावी लागे. इथे प्रवेशासाठी धर्म विचारायचा नाही, असे ठरले. १८५४ ते १८६२ निकल्सन कुलपती होते. इजिप्त आणि युरोपातून जमवलेला पुरातन वस्तूंचा संग्रह त्यांनी १८६० मध्ये विद्यापीठाला देऊन टाकला. १८६२ मध्ये ते इंग्लंडला परतले, १९०३ साली तिथेच वारले.

धर्माची अट नसलेले हे दार मुलींसाठी उघडले १८८१ मध्ये. चार्ल्स पर्किन्स हे इथून पदवी घेणारे पहिले आदिवासी पुरुष. ते साल १९६६. ज्यांच्या जमिनीवरच्या मेंढ्यांनी वसाहत श्रीमंत झाली, त्यांच्या मुलाला त्या पायऱ्या चढायला ११६ वर्षे लागली.

म्हणून निकल्सन यांचे दातृत्व खोटे ठरत नाही. हिशेब मात्र दोन्ही बाजूंनी मांडायला हवा. मेळाव्यानिमित्त आपण शाळेसाठी निधी उभारतो आहोत. देणगीदारांची यादी लागेलच. त्याच बैठकीत आणखी एक यादी करू या, आपल्या गावातली कोणती मुले अजूनही शाळेच्या फाटकाबाहेर आहेत त्यांची. बाईंनी आणि सरांनी हजेरी घेताना गैरहजर मुलांची नावेही वाचली होतीच की!