कॉफीच्या मुलखातील लहान गावे

संपादिकाबाईंनी यंदा अट घातली की, प्रवासवर्णन नको, इतिहासाचे काही लिहा. पण कोडगूत, म्हणजे इंग्रजांच्या कूर्गमध्ये, ह्या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. तेथे जाणारी आपली बहुतेक मंडळी मडिकेरीचे धुके आणि तलकावेरीचे कुंड पाहून परततात. आम्ही चौघींनी मात्र गेल्या फेब्रुवारीत मडिकेरीला एकच रात्र काढली आणि बाकीचे दिवस एस. टी. च्या गाड्यांनी लहान गावे हिंडलो. माझे माहेर बेळगावचे असल्यामुळे कन्नड बोलण्याची अडचण नव्हती.

प्रथम विराजपेट. दोड्ड वीरराजेंद्र राजाने 1792 मध्ये ही पेठ वसविली. टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रज सेनापती अॅबरक्रॉम्बीची व त्याची येथे भेट झाली होती, तिची ही आठवण. गावातील सेंट अॅनचे देऊळ त्याच वर्षाचे. टिपूच्या अमलातून निसटून आलेल्या मंगळूरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांना राजाने आश्रय दिला, त्यांच्यासाठी ते उभे राहिले. ह्या लोकांचे पूर्वज मूळचे गोव्याकडचे आणि बोली कोकणी. इतक्या दूरच्या डोंगरात आपल्या शेजारच्या भाषेचे धागे सापडावेत ह्याची मला मोठी गंमत वाटली.

कॉफी ह्या भागात कोणी आणली? जुनी हकिगत अशी की, नालकनाडच्या बाजूस राजाकडून जमिनी मिळालेल्या मोपल्यांनी तिची झाडे लावली आणि तिचे मोल कोणाला कळू नये म्हणून, कोडव्यांनी हे पीक घेतल्यास त्यांचा नाश होईल, अशी हूल उठवून दिली. हकिगतीत तिखटमीठ असेल, पण धंद्याचे गुपित राखण्याची रीत मात्र ओळखीची आहे! 1834 मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केले आणि 1854 मध्ये फाउलर नावाच्या साहेबाने मडिकेरीस पहिला युरोपियन मळा काढला. मग जंगल तोडून मळे घालण्याची लाटच आली. सावली काढून टाकली तर पीक जास्त येते असे साहेबांना वाटले. परंतु 1860 नंतरच्या दशकात खोडकिड्याने मळेच्या मळे वाळविले, आणि 1870 च्या सुमारास पानांवरचा तांबेरा आला. तेव्हा शहाणपण सुचले. आज झाडांच्या सावलीत कॉफी आणि त्याच झाडांवर मिरीचे वेल असे जे सुंदर दृश्य आपण पाहतो, त्यामागे हा तोटा आहे.

चेट्टळ्ळीच्या वाटेवर रोबस्टा कॉफीची तोडणी चालली होती. पिकलेली फळे लाल चेरीसारखी दिसतात. बायका ती ओरबाडून पोत्यात भरतात, संध्याकाळी वजन होते आणि वजनावर मजुरी. पूर्वी म्हैसूरच्या पठारावरून, तुळुनाडातून, मलबारातून ही माणसे मेस्त्रीमार्फत येत. आधी उचल घ्यायची आणि मग ती फेडेपर्यंत राबायचे. ऊसतोडीच्या टोळ्या आणि मुकादम पाहिलेल्या आपल्या भगिनींना हे निराळे समजावून सांगायला नको. 1859 च्या कायद्याप्रमाणे उचल घेऊन काम सोडणे हा गुन्हाच ठरत असे, तुरुंगदेखील घडे. मळ्यांवर राहण्यास घरे, दवाखाना, पन्नास बायकांमागे पाळणाघर, ही कलमे 1951 च्या मळेकामगार कायद्याने आली. कॉफीच्या इतिहासात साहेबांची नावे भरपूर मिळतात. पोते पाठीवर घेऊन निघालेल्या बाईचे नाव कोणी लिहिलेले नाही.

सोमवारपेट व शनिवारसंते ही दोन गावे ऐकून कोणाही पुणेकरणीला घरच्यासारखे वाटेल. संते म्हणजे आठवड्याचा बाजार. पाहण्याजोगे विशेष नाही. बाजाराच्या दिवशी जावे म्हणजे झाले.

आता सुंटिकोप्प. कुशालनगरहून मडिकेरीला जाणाऱ्या सगळ्या गाड्या ह्या गावातून जातात, आणि प्रवासी खिडकीतून बघून पुढे जातात. आम्ही उतरलो त्या गौरम्मांसाठी.

गौरम्मांचा जन्म 1912 चा, मडिकेरीचा. लग्न होऊन त्या येथे आल्या. यजमान कॉफीच्या मळ्यावर व्यवस्थापक होते. फेब्रुवारी 1934 मध्ये गांधीजी हरिजन-दौऱ्यावर कोडगूत आले. त्यांनी आपल्या घरी यावे म्हणून गौरम्मांनी उपोषण आरंभिले, असे तिकडे आजही सांगतात. गांधीजी आले, आणि बाईंनी अंगावरचे दागिने काढून हरिजन-निधीस दिले. बावीस वर्षांच्या सुनेने सासरच्या घरात असे करणे म्हणजे काय, ते आपण बायकाच जाणू शकतो.

ह्याच मळ्याच्या घरात त्या कथा लिहीत होत्या. विधवा, हुंडा, बाईला न विचारता जुळविलेली लग्ने, पुरुषाचा अपराध आणि शिक्षा मात्र बाईला, असे त्यांचे विषय. नाव घालीत ‘मिसेस बी. टी. जी. कृष्णा’. आपल्याकडे 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले तेही ‘विभावरी शिरूरकर’ ह्या टोपणनावाने, हे ध्यानात घ्यावे. दोघींची भाषा निराळी, मुलूख निराळा. परंतु स्वतःच्या नावाने लिहिण्याची सोय दोघींनाही नव्हती. फरक एवढाच की, एकीने खोटे नाव घेतले आणि दुसरीने नवऱ्याचे. मला दुसरी गोष्ट अधिक बोचते.

13 एप्रिल 1939 रोजी नदीत पोहताना गौरम्मा बुडाल्या. वय सत्तावीस. ‘कंबनी’ म्हणजे अश्रू, आणि ‘चिगुरु’ म्हणजे पालवी, हे त्यांचे कथासंग्रह मृत्यूनंतर निघाले. कन्नडचे थोर कवी द. रा. बेंद्रे, ज्यांच्या घरात मराठी बोलत, त्यांनी ‘धाकटी बहीण गौरम्मा’ अशा अर्थाच्या शीर्षकाची कविता त्यांच्यावर केली.

सुंटिकोप्पच्या बाजारात आम्ही कॉफी प्यालो. हॉटेलवाल्याला गौरम्मांचे नाव ठाऊक होते; त्याने हात पुसून मळ्याची दिशा दाखविली आणि कॉफीचे पैसे घेण्यास बराच वेळ नाही म्हटले.

मडिकेरीच्याच दीपा भास्ती ह्यांनी गौरम्मांच्या कथांचा इंग्रजी अनुवाद केला असून तो 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची एक प्रत मी मंडळाच्या कपाटात ठेविली आहे. नोंदवहीत नाव लिहून न्यावी. स्वतःचे नाव लिहावे.