डॉ. स्वीट यांचा अंदेशा

९ सप्टेंबर १९२५. अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरात, गारलँड स्ट्रीटवरच्या एका घरासमोर जमाव जमला होता. घर डॉ. ऑसियन स्वीट यांचे. हे कृष्णवर्णीय डॉक्टर साडेअठरा हजार डॉलरला घर घेऊन आदल्याच दिवशी गोऱ्यांच्या वस्तीत राहायला आले होते. लहानग्या मुलीला आजीकडे ठेवले होते. सामानाबरोबर बंदुका आणल्या होत्या. त्याच वर्षी जूनमध्ये शहरातल्या डॉ. टर्नर या दुसऱ्या कृष्णवर्णीय डॉक्टरांना जमावाने नव्या घरातून हुसकावून लावले होते.

दगड आले, काचा फुटल्या, माडीवरून गोळ्या सुटल्या. रस्त्यावरचा एक गोरा माणूस ठार झाला. पोलीस तिथेच उभे होते. त्यांनी जमाव पांगवला नव्हता, पण घरातल्या अकराही जणांना मात्र पकडले. त्यांत डॉक्टरांच्या पत्नी ग्लॅडिसही होत्या. आरोप खुनाचा.

ज्युरीतले बाराही जण गोरे पुरुष. सरकारी साक्षीदार सांगत होते की जमाव नव्हताच. एका तरुणाच्या तोंडून ‘पुष्कळ लोक’ निघून गेले, लगेच त्याने ‘थोडे’ केले. बचावाचे वकील क्लॅरन्स डॅरो यांनी ती घसरण तिथल्या तिथे पकडली.

माझ्या मते निर्णायक क्षण वेगळा होता. न्यायाधीश फ्रँक मर्फी यांनी डॉ. स्वीट यांना त्यांच्या मनातली भीती कुठून आली ते सांगू दिले. सरकारी वकिलांची हरकत होती, तरीही. लहानपणचा फ्लोरिडा, १९१९ चे वॉशिंग्टन, १९२१ चे टल्सा. उर्दूत ‘खौफ’ आणि ‘अंदेशा’ वेगळे आहेत. अंदेशा आधी पाहिलेल्या-ऐकलेल्यातून येतो. कायदा विचारतो तो अंदेशा.

पहिल्या ज्युरीचे एकमत झाले नाही. दुसरा खटला फक्त डॉक्टरांचे भाऊ हेन्री यांच्यावर चालला, गोळी झाडल्याचे त्यांनी कबूल केले होते. १३ मे १९२६ रोजी ते निर्दोष सुटले. १९२७ मध्ये उरलेल्यांवरचे आरोपही मागे घेतले गेले.

ज्युरीने कायदा बाजूला सारून दया दाखवली, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. गोरा असो वा काळा, प्रत्येकाचे घर हा त्याचा किल्ला, हे न्यायाधीशांनीच ज्युरीला समजावले होते. तिने कायदाच लावला, फक्त काळ्या माणसालाही. कायदा बाजूला सारणे पाहायचे असेल तर १९५५ चे मिसिसिपी पाहा. चौदा वर्षांच्या एमेट टिलच्या मारेकऱ्यांना गोऱ्या ज्युरीने तासाभरात सोडले. पुढे त्यांनी एका मासिकाला पैसे घेऊन खुनाची कबुली दिली.

आपल्याकडे नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्युरीचा ८ विरुद्ध १ कौल उच्च न्यायालयाने फिरवला. आता ज्युरी नाही. स्वसंरक्षणाचा हक्क मात्र दंडसंहितेत होता, न्यायसंहितेतही आहे, आणि ‘वाजवी’ भीती म्हणजे काय हे न्यायाधीश ठरवतात. ती कुणाच्या अनुभवाने मोजायची, हा प्रश्न डेट्रॉईटमध्ये उघड विचारला गेला.

गारलँड स्ट्रीटचे घर स्वीट यांना १९२८ मध्ये पुन्हा मिळाले. मुलगी त्याआधीच क्षयाने गेली होती. त्याच वर्षी ग्लॅडिसही त्याच रोगाने गेल्या.