माप कोणाचे घ्यावे?

शिंपी अंगाचे माप घेतो, वहाणा शिवणारा पायाचे घेतो, आणि खाट करणारा सुतार निजणाऱ्याची उंची आधी विचारतो. वस्तू ज्याच्यासाठी, माप त्याचे, हा नियम इतका साधा आहे की तो सिद्धान्त म्हणून मांडावा असे कोणास सुचणार नाही. तथापि यंत्रयुगाच्या इतिहासात विद्वानांनी, तज्ज्ञांनी आणि सरकारी समित्यांनीही वारंवार विसरलेला नियम कोणता असेल, तर तो हाच होय.

इंग्रजीत ज्याला डिझाइन म्हणतात त्याला आपण येथे ‘घडण’ म्हणू. घडणीची तत्त्वे कोणती, हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने दहा भागांचा एक ग्रंथ लिहिला. इमारतीत मजबुती, उपयुक्तता आणि सौंदर्य हे तीन गुण हवेत, असे त्याने त्यात सांगितले. तो बोलत होता इमारतींविषयी. पण त्याचे म्हणणे भांड्याला, पुलाला, पुस्तकाला, किंबहुना माणसाच्या हातून घडणाऱ्या प्रत्येक वस्तूला लागू पडते. आम्हांस त्यातील मधल्या गुणाविषयी बोलावयाचे आहे. वस्तू उपयुक्त हवी हे खरे. पण उपयुक्त कोणाला? करणाऱ्याला, विकणाऱ्याला, यंत्राला, की वापरणाऱ्याला? या प्रश्नाची कथा तीन निरनिराळ्या क्षेत्रांतून पाहू. पहिली आपल्या घरची आहे, म्हणून तिच्यावर अधिक रेंगाळू.

ही कथा गोव्यात सुरू होते. तेथे १५५६ साली छापखाना आला. पुढे टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक तेथे राहून मराठी शिकला, आणि इतकी शिकला की त्याने ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले. हे पुराण १६१६ साली राशोल येथे छापले गेले ते रोमन लिपीत. भाषा मराठी, छंद ओवी आणि अक्षरे मात्र परकी, असे का व्हावे? याचे उत्तर स्टीफन्सच्याच १६०८ सालच्या एका पत्रात मिळते. देशी लिपीत पुस्तके छापावीत अशी इच्छा त्याने त्यात व्यक्त केली आहे, आणि अडचणही सांगितली आहे. युरोपात चोवीस अक्षरांच्या साच्यांवर काम भागते. येथे सुमारे सहाशे साचे करावे लागतील!

हा सहाशेचा आकडा कोठून आला, हे पाहण्यासारखे आहे. रोमन अक्षरे एका ओळीत शेजारी शेजारी उभी राहतात. आपली लिपी तिमजली आहे. मधल्या मजल्यावर व्यंजन, वरच्या मजल्यावर मात्रा, वेलांटीचा माथा, रफार आणि अनुस्वार, तर तळमजल्यावर उकार. त्यात जोडाक्षरांची भर. प्रत्येक जुळणीसाठी वेगळा खिळा पाडायचा म्हटले, तर खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाते आणि जुळाऱ्यापुढची पेटी भिंतीएवढी होते. कातकरी कुशल असले तरी खर्च आणि वेळ कोठून आणायचा?

पुढे श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले. त्यात मराठीसाठी देवनागरी खिळे वापरले होते. पोलादावर अक्षर कोरण्याचे बिकट काम तेथे पंचानन कर्मकार यांच्यासारख्या बंगाली कारागिरांनी उभे केले होते. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली पंचांग छापले ते शिळाछापावर. दगडावर हाताने लिहिलेलेच उमटत असल्यामुळे खिळ्यांचा प्रश्नच तेथे उद्भवत नव्हता. परंतु खिळ्यांची छपाई टळणारी नव्हती. तेव्हा मुंबईतील अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी निराळी तोड काढली. अक्षर अखंड न ओतता त्याचे तुकडे करावे, मधल्या मजल्याचा खिळा वेगळा, वरच्या व खालच्या चिन्हांचे खिळे वेगळे, आणि जुळाऱ्याने ते एकावर एक रचावे. छापखान्यांत या पद्धतीला ‘डिग्री’ म्हणत असत.

थोड्या भागांतून पुष्कळ रचना, हे घडणीचे एक थोर तत्त्व आहे आणि ते एका धंद्यापुरते नाही. लंडनला १८५१ साली जोसेफ पॅक्स्टन यांनी स्फटिक-महाल उभारला तो याच तत्त्वावर. लोखंडाचे खांब, तुळया आणि काचा ठराविक मापात कारखान्यात तयार झाल्या व जागेवर नुसत्या जोडल्या गेल्या. एवढी प्रचंड वास्तू काही महिन्यांत उभी राहिली. आपल्याकडे जावजी दादाजी यांनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिरांच्या कोरीव कामामुळे तेथील खिळे इतके देखणे निघाले की संस्कृत ग्रंथांच्या छपाईत निर्णयसागराचे नाव देशभर झाले.

तरीही तुकड्यांच्या जुळणीला तिची किंमत होती. मात्रा आणि अक्षर यांमध्ये पांढरी फट दिसे, वरचे बारीक खिळे मोडत वा निसटत, आणि एक ओळ जुळविताना जुळाऱ्याला वस्तुतः तीन ओळी जुळवाव्या लागत. वृत्तपत्राला इतका वेळ कोठला? म्हणूनच लोकमान्य टिळकांसारख्या पुरुषाने राजकारणाच्या धकाधकीतही खिळ्यांची संख्या दोनशेच्या आत आणण्याच्या खटपटीत मन घातले. त्यामागची कळकळ उघड आहे. छपाई स्वस्त, तर वर्तमानपत्र स्वस्त. वर्तमानपत्र स्वस्त, तर विचार घरोघर.

विसाव्या शतकात जुळणीचे यंत्र आले, आणि येथे कथेला वळण लागले. लायनोटाइप यंत्राच्या कळफलकावर कळा नव्वद. १९३० च्या दशकात हरि गोविंद गोविल यांनी अमेरिकेत त्या यंत्रावर देवनागरी बसविली. टंकलेखन यंत्रावर तर पन्नासाच्याही आत कळा, म्हणजे दुहेरी वापर करूनही शंभराच्या आत चिन्हे. शेकड्यांचा संसार एवढ्या जागेत मावेना. तेव्हा लोक म्हणू लागले, की यंत्र बदलत नसेल तर लिपीच बदलावी. स्वर वेगळे कशाला, ‘अ’लाच वेलांट्या आणि उकार द्यावेत, असा प्रचार सावरकरांनी केला, काका कालेलकरांनीही लिपिसुधारणेचा पाठपुरावा केला. १९५३ साली लखनौला भरलेल्या परिषदेत तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडून उचलून उजवीकडे न्यावी असे ठरले. कारण यंत्राच्या दृष्टीने डावी वेलांटी गैरसोयीची! उच्चारात ती व्यंजनानंतर येते आणि कागदावर त्याच्या आधी बसते.

या सुधारकांना हसण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढे निरक्षर देश होता, हातात मिळेल ते यंत्र होते, आणि घाई होती. सुधारणा करणाऱ्यांपैकी पुष्कळांना लिपीच्या शास्त्रशुद्धतेचीही खरी तळमळ होती. पण घडणीच्या दृष्टीने पाहता त्यांनी माप चुकीच्या बाजूचे घेतले. कोट्यवधी डोळ्यांची सवय आणि शतकांचा ग्रंथसंग्रह एका बाजूला, आणि परदेशी कारखान्यात दुसऱ्या लिपीसाठी ठरलेली कळांची संख्या दुसऱ्या बाजूला. यांपैकी स्थिर कोण आणि बदलणारे कोण, हेच त्यांनी उलटे धरले. लोकांनी उजवी वेलांटी स्वीकारली नाही आणि थोड्याच वर्षांत तो निर्णय मागे घेतला गेला.

आणि पुढे काय झाले? संगणक आला. भारतीय लिप्यांसाठी १९८८ साली ‘इस्की’ ही सांकेतिक पद्धती ठरली; १९९१ पासून युनिकोड हे जागतिक प्रमाण प्रसिद्ध होऊ लागले आणि त्याने भारतीय लिप्यांसाठी तीच बैठक घेतली. या पद्धतीत एक मूलभूत गोष्ट ओळखली गेली, की अक्षर साठविणे वेगळे आणि अक्षर दाखविणे वेगळे. ‘कि’ लिहिताना यंत्राच्या स्मरणात आधी ‘क’ आणि मग वेलांटी, म्हणजे उच्चाराच्याच क्रमाने, साठविली जाते. पडद्यावर दाखविताना मात्र यंत्र ती वेलांटी स्वतः उचलून डावीकडे नेऊन बसविते. ज्या कामासाठी मुलांच्या हाताला नवे वळण लावावयाचे होते, ते काम यंत्राने अंगावर घेतले! चित्रकार आणि सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी घडविलेला ‘मंगल’ हा टंक याच मार्गाने असंख्य संगणकांवर पोहोचला. ज्या लायनोटाइपच्या सोयीसाठी वेलांटी हलविण्याचा घाट घातला गेला, ते यंत्र आज संग्रहालयात आहे. वेलांटी डावीकडेच आहे.

आता दुसरे क्षेत्र पाहू. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ या अमेरिकन बॉम्बफेकी विमानांना एक विचित्र अपघात वारंवार होई. विमान सुखरूप जमिनीवर उतरे, आणि मग वैमानिक पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी चाकेच आत ओढून घेई. विमान पोटावर बसे. अहवालात शेरा ठरलेला, वैमानिकाची चूक. १९४३ साली अल्फोन्स चापानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने वैमानिकांऐवजी त्यांच्यासमोरचा फलक तपासला. झडपांची कळ आणि चाकांची कळ शेजारी शेजारी आणि दिसण्यात सारख्या होत्या. थकलेल्या माणसाचा हात अंधारात चुकला तर नवल नव्हते. चापानिसने चाकांच्या कळीला लहानसे रबरी चाक आणि झडपांच्या कळीला पाचरीच्या आकाराचा तुकडा बसविण्याचा उपाय काढला. हाताला डोळ्यांवाचून कळू लागले आणि ती चूक नाहीशी झाली. आजच्या प्रवासी विमानातही चाकांची दांडी चाकाच्याच आकाराची असते.

तिसरे क्षेत्र वैद्यकाचे. पाय गमावलेल्यांसाठी पाश्चात्त्य देशांत १९५० च्या दशकात चांगल्या प्रतीचा कृत्रिम पाय तयार झाला. पण तो बुटात घालावयाचा होता. त्यावर उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, अनवाणी चिखलात उतरता येत नसे. आपल्याकडील शेतकऱ्याला तो पाय मिळे आणि तो काही दिवसांत कुबड्या घेऊन परत येई. रुग्ण अडाणी आहेत, असे म्हणणे सोपे होते. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातील डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तसे म्हटले नाही. माणूस घरात कसा बसतो, शेतात कसा चालतो, हे पाहून त्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस रबराचा पाय घडविला. तो बुटावाचून चाले, पाण्याला भीत नसे आणि घोट्यात हवा तसा वळे. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचे शालेय शिक्षण फारसे नव्हते. पण माप कोणाचे घ्यावयाचे हे त्यांना पक्के ठाऊक होते.

छापखाना, विमान आणि रुग्णालय यांचा एकमेकांशी काय संबंध? वरवर पाहता काहीच नाही. पण तिन्ही ठिकाणी घटनांचा क्रम एकच आहे. वस्तू आधी घडली, माणूस तिच्यात मावला नाही, आणि दोष माणसावर गेला: लिपी अवघड, वैमानिक निष्काळजी, रुग्ण अडाणी. मग कोणीतरी दोषाची दिशा फिरविली आणि वाट मोकळी झाली.

येथे कोणी शंका घेईल, की माणसाने काहीच शिकावयाचे नाही काय? तंबोरा लावणे अवघड, सायकल अवघड, अक्षर गिरविणे तर त्याहून अवघड. शंका रास्त आहे. पण शिकण्याचे श्रम दोन प्रकारचे असतात. काही श्रम कामाच्या स्वभावातच असतात. सूर कळल्यावाचून तंबोरा लागणार नाही आणि वारा कळल्यावाचून विमान उडणार नाही. हे श्रम माणसाला मोठे करतात. दुसरे श्रम केवळ घडविणाऱ्याने आपला विचार अर्ध्यावर सोडल्यामुळे वापरणाऱ्याच्या माथी येतात. सारख्या दोन कळा पाठ करणे हे या दुसऱ्या जातीचे होय. चांगली घडण पहिले श्रम शाबूत ठेवते आणि दुसरे नाहीसे करते. हातातल्या साधनाची मर्यादा असेल तेव्हा तडजोड करावी लागते, डिग्रीच्या खिळ्यांनी ती केलीच. पण तडजोडीला तडजोड म्हणावे, तिला माणसाची सुधारणा म्हणू नये.

१९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यात त्यांनी ज्या वस्तूची सर्वाधिक वाखाणणी केली ती म्हणजे आपला लोटा. किती पाणी, कोणाच्या हातात, डोक्यावर की कमरेवर, भरलेला असताना तोल कसा आणि रिकामा असताना कसा, इतक्या प्रश्नांची उत्तरे त्या आकारात आहेत आणि ती एका माणसाने नव्हे, पिढ्यांनी दिली आहेत, असे त्यांनी दाखवून दिले. त्याच विचारांतून १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

म्हणून हा विषय केवळ तज्ज्ञांचा समजू नये. नगरपालिकेच्या अर्जाचा कागद, एस. टी.ची पायरी, शाळेतले बाक, दवाखान्याच्या दारावरची पाटी, या सर्व घडलेल्या वस्तूच आहेत. त्यांपैकी एखादी वापरताना आपण अडखळलो, तर आपलेच काही चुकले असे मानून निमूटपणे पुढे जाण्याची आपल्याला सवय आहे. ती सोडावी, आणि अडखळणे जेथे घडले तेथे थांबून विचारावे, की हे करताना माप कोणाचे घेतले होते?