गिंकोच्या झाडाखालचा चित्रकार

नोव्हेंबर संपता संपता टोकियोच्या कोइशिकावा बागेतलं एक जुनं गिंको पिवळंधमक होतं. पंख्यासारखी पानं गळाली की खालची जमीनही पिवळी. 1684 साली शोगुनच्या काळात औषधी वनस्पतींसाठी सुरू झालेली ही बाग आता टोकियो विद्यापीठाकडे आहे.

पण मला रंगापेक्षा हिरासे साकुगोरो जास्त भावतो. विद्यापीठात चित्रं काढायला ठेवलेला माणूस. वनस्पतीशास्त्राची पदवी नाही. (आम्हा बीटेकवाल्यांना पदवीचं काय ते कौतुक!) 1896 मध्ये याच झाडाच्या कोवळ्या बियांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघताना त्याला चक्क पोहणाऱ्या पुंपेशी दिसल्या. बी धरणाऱ्या झाडात असं तोवर कुणी पाहिलंच नव्हतं! पुढच्याच वर्षी त्याने विद्यापीठ सोडलं, शाळेत शिकवायला लागला. मोठा पुरस्कार मिळाला तो थेट 1912 मध्ये.