मानमोडीच्या साली

आजीला वय विचारलं तर ती आकडा सांगत नसे. "मानमोडीच्या नवरात्रातली मी," एवढंच म्हणे. रेशन कार्डावर कारकुनाने अंदाजाने काहीतरी साल टाकलं होतं, ते तिने कधी मानलं नाही. तिची आई बाळंतपणानंतर पाचव्याच दिवशी गेली. पाचवी पुजायला घरात धड उभं राहू शकेल असं कोणी नव्हतं.

मानमोडी म्हणजे १९१८ सालचा इन्फ्लुएंझा. 'इन्फ्लुएंझा' हा शब्द इटालियन. आकाशातल्या ग्रहताऱ्यांच्या प्रभावामुळे साथ येते, या जुन्या समजुतीतून तो आला. आपल्याकडच्या माणसांनी नाव दिलं ते अंथरुणावर पडलेल्याकडे बघून. ताप चढला की मान, पाठ, कंबर अशी धरायची की उशीवरून डोकं उचलवत नसे, जणू मान मोडून टाकली आहे. डेंग्यूला हाडमोड्या ताप आणि प्लेगला गाठीचा ताप म्हणणारी हीच माणसं. 'मानमोडी' हा उच्चार मात्र मराठीच्या कानाला आधीपासून ओळखीचा. जुन्नरजवळ लेण्यांचा मानमोडी डोंगर आहे. तिथल्या एका प्राचीन लेखात 'मानमुकुड' असं नाव येतं, ते लोकांच्या जिभेवर घासून घासून मानमोडी झालं असावं. आजाराचं नाव त्या डोंगरावरून आलं असं मी म्हणणार नाही. पण तयार साचा जवळ असला की नवा शब्द लवकर रुजतो.

शब्द इथला, आजार मात्र गोदीतून आला. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या मोहिमेचा सगळा भार मुंबई बंदरावर होता. सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी तिथल्या कुत शहराच्या वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथली फौज शरण गेली. त्यानंतरही जहाजं बसऱ्याला शिपाई नेत राहिली आणि जखमी, आजारी माणसं परत आणत राहिली. मुंबईतल्या म्युझियमची नवी इमारत बांधून तयार होती, पण लोकांसाठी ती १९२२ साली उघडली. युद्धाच्या काळात तिथे अशा माणसांसाठी लष्करी इस्पितळ होतं.

१९१८च्या मे अखेरीस असंच एक जहाज मुंबईला लागलं. १० जूनला सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले, त्यांतला एक गोदीवर नेमलेला होता. शहराचे आरोग्य अधिकारी टर्नर यांनी जहाजाकडे बोट दाखवलं. सरकारी बाजू म्हणाली की जहाजावरच्या माणसांनाच मुंबईत लागण झाली. युद्ध चालू असताना फौजेच्या जहाजाने साथ आणली हे कबूल करणं सरकारला परवडणारं नव्हतं, असं मला वाटतं.

जूनची लाट ओसरली आणि सप्टेंबरात दुसरी उठली, ती जीवघेणी. हा नुसता ताप नव्हताच. फुप्फुसात हवेचे जे बारीक फुगे असतात ते पाण्याने आणि रक्ताने भरत जायचे. ओठ निळे पडायचे, मग चेहरा जांभळा, आणि धडधाकट माणूस दोन-तीन दिवसांत कोरड्या जमिनीवर बुडून मरायचा. वीस ते चाळीस वयाचे सर्वांत जास्त गेले, त्यांतही बायका अधिक. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागलं होतं. ६ ऑक्टोबरला, म्हणजे नवरात्र बसत होतं तेव्हा, एकट्या मुंबईत एका दिवसात ७६८ माणसं गेली. वर्षाचा हिशेब आणखी बोलका आहे: युरोपियनांत हजारी ८.३ मृत्यू, खालच्या मानलेल्या हिंदू जातींत ६१.६. मान मोडली ती कोणाची, हे या दोन आकड्यांत आहे. देशभरात सव्वा कोटींच्या वर माणसं गेली. काही अभ्यासक हा आकडा पावणेदोन कोटींपर्यंत नेतात. विषाणू सापडायला १९३३ साल उजाडलं.

आजीचं घर पनवेलचं. तिथे तेव्हा आगगाडी नव्हती. मुंबईचं माणूस खाडीतून मचव्याने यायचं. आजीचा चुलता गोदीत हमाली करायचा. तो असाच भरतीबरोबर आला, अंगावर घोंगडी, दात वाजत होते. आठ दिवसांत त्या घरातून तीन तिरड्या उठल्या. चुलता जगला, पण पुढे आयुष्यभर विहिरीपासून ओटीपर्यंत एक घागर आणताना दोनदा टेकायचा.

त्या दमलेल्या छातीला नाव मिळालं नाही. मानमोडी म्हणजे मारणारी साथ. मागे उरलेल्या धापेसाठी कोणी शब्द केला नाही. त्याच इराकमध्ये २००३ साली मोसुलजवळच्या मिश्राकला गंधकाचा कारखाना जवळपास महिनाभर जळत होता. तिथून घरी परतलेल्या अमेरिकन सैनिकांना धावताना दम लागू लागला. एक्स-रे बहुतेकांचे स्वच्छ, त्यामुळे तक्रार कोणी मनावर घेईना. शेवटी व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ४९ जणांच्या फुप्फुसाचा तुकडा काढून तपासला. ३८ जणांच्या अगदी बारीक श्वासनलिका आकसून गेल्या होत्या. ते २०११ साली छापून आलं. छावण्यांतला कचरा उघड्यावर जाळण्याचा धूर आणि अशा आजारांचा संबंध गृहीत धरून भरपाई देणारा कायदा अमेरिकेत २०२२ साली झाला. बसऱ्याहून आलेल्या आपल्या शिपायांची छाती कोणी तपासली असती, तर चुलत्याच्या धापेलाही एखादा शब्द मिळाला असता.

आजी दरवर्षी पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला सवाष्ण जेवायला बोलवायची. आईचा फोटो नव्हता, चेहरा सांगू शकेल असंही कोणी उरलं नव्हतं. ओटी भरून झाली तरी ती त्या सवाष्णीच्या तोंडाकडे बघत बसायची. बाई अवघडून पदर सारखा करायची, आणि मग आजी तिला म्हणायची, "जरा बस गं अजून."