महालमध्ये नगरसेवक परत आले, आता कामाचा हिशेब कसा मागायचा?

सकाळी मोबाईल उघडला की मोहल्ल्याच्या ग्रुपवर एक फोटो येऊन पडलेला असतो. उपसलेली नाली, बाजूला जेसीबी, दोन सफाई कामगार आणि मधोमध उभे असलेले नगरसेवक. खाली एक ओळ, 'पाठपुराव्याला यश'. त्याखाली अंगठ्यांची आणि जोडलेल्या हातांची रांग.

नागपूरच्या महालमध्ये मधली जवळपास चार वर्षं असे फोटो टाकणाऱ्यांच्या नावाआधी 'माजी' किंवा 'भावी' असायचं. मार्च २०२२ मध्ये नागपूर महापालिकेची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि कारभार प्रशासकाच्या हातात गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मे २०२५ मध्ये न्यायालयाने रखडलेल्या स्थानिक निवडणुका घ्यायला सांगितलं, पुढे त्यासाठी ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत दिली. शेवटी १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. त्याआधीचं मतदान २१ फेब्रुवारी २०१७ चं. म्हणजे पाच वर्षांनी येणारी निवडणूक जवळपास नऊ वर्षांनी आली.

आता नगरसेवक परत आलेत, त्यांचे अपडेटही परत आलेत. प्रश्न असा आहे की नगरसेवकाने लोकांना कामाची माहिती देणं ही त्याची मर्जी आहे की जबाबदारी? कायद्यात याचं उत्तर आहे. बहुतेक मतदारांनी ते ऐकलेलं नसतं, एवढंच.

चार वर्षं नेमकं काय बंद होतं?

कचरागाडी येत होती, नळाला पाणी येत होतं, करही भरला जात होता. मग नगरसेवक नव्हते म्हणून बिघडलं काय, असं अनेकांना वाटतं.

बंद होती ती सभा. नागपूर महापालिकेची सर्वसाधारण सभा अनेक वर्षं महालातल्याच टाऊन हॉलमध्ये भरत आली. कायद्याप्रमाणे ही सभा महिन्यातून किमान एकदा व्हायला हवी. तिथे नगरसेवक प्रश्न विचारतात, अधिकाऱ्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि ते इतिवृत्तात नोंदवलं जातं. प्रशासक असताना सर्वसाधारण सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार एकाच माणसाकडे असतात. प्रस्ताव मांडणारेही तेच, मंजूर करणारेही तेच.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरले नसतील. काही तासांच्या मुसळधार पावसात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं. फटका प्रामुख्याने पश्चिम नागपूरला बसला. पण त्यानंतर महापालिकेच्या सभागृहात एकही प्रश्न विचारला गेला नाही, कारण सभागृहच नव्हतं. लोक आमदारांकडे गेले, उच्च न्यायालयात गेले.

नगरसेवक काय करू शकतो आणि काय नाही

नागपूर महापालिकेत १५१ जागा आहेत आणि ३८ प्रभाग. ३७ प्रभागांत चार-चार नगरसेवक, एका प्रभागात तीन. महालातल्या एका घराला एक नाही, चार नगरसेवक असतात. अ, ब, क, ड ही अक्षरं जागांच्या आरक्षणासाठी आहेत. 'अ'ची गल्ली वेगळी आणि 'ब'ची वेगळी, असं काही नसतं. त्यामुळे 'ते माझ्याकडे येत नाही' हे उत्तर एखाद्या नगरसेवकाने दिलं तर ते त्यांच्या आपसातल्या वाटणीचं उत्तर आहे, कायद्याचं नाही.

दुसरा गैरसमज याच्या उलटा आहे. नगरसेवकाने फोन केला की रस्ता होतो, असं लोक धरून चालतात. नगरसेवकाकडे सहीचा अधिकार नसतो. निविदा, कार्यादेश, बिल हे सगळं आयुक्तांच्या यंत्रणेचं काम. नगरसेवक मागणी करतो, सभेत प्रश्न विचारतो, अंदाजपत्रकावर मत देतो. स्थायी समितीत असेल तर त्याचं वजन वाढतं, कारण मोठ्या खर्चाचे प्रस्ताव तिथून जातात. पण स्थायी समितीत सदस्य फक्त १६, आणि त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात.

हे नातं किती ताणू शकतं ते नागपूरने २०२० मध्ये पाहिलं. तेव्हाचे आयुक्त तुकाराम मुंढे यांनी पैशाची स्थिती दाखवत कामांना ब्रेक लावला होता, नगरसेवक चिडलेले होते. कोरोनामुळे जूनमधली सभा सुरेश भट सभागृहात ठेवली होती. खडाजंगी झाली आणि आयुक्त सभा सोडून निघून गेले. मुंढे यांची ऑगस्टमध्ये बदली झाली. बाजू कुणाची बरोबर यावर शहरात आजही दोन गट पडतात. पण लोकांनी निवडलेल्या माणसाच्या हातात किती आणि नेमलेल्या माणसाच्या हातात किती, हे त्या दिवशी उघड्यावर दिसलं.

काही कामं तर महापालिकेचीच नसतात. विजेचं उदाहरण घ्या. महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स या तीन विभागांची वीज २०११ पासून एका खासगी फ्रँचायझीकडे होती. लोकांच्या तोंडी 'एसएनडीएल'. सप्टेंबर २०१९ मध्ये हे काम परत महावितरणकडे आलं. म्हणजे वाड्यासमोर लोंबकळणारी तार महावितरणची, त्याच गल्लीतला रस्त्यावरचा दिवा महापालिकेचा. पाण्याचं रोजचं काम ऑरेंज सिटी वॉटर ही कंपनी बघते, पण योजना महापालिकेची, त्यामुळे त्यावर प्रश्न विचारायचा हक्क नगरसेवकाला आहे.

केळीबाग रोडच्या रुंदीकरणासारखं काम असेल तर नगरसेवक त्या साखळीतली एक कडी असतो. विकास आराखड्यातला रस्ता, त्यात जाणारी दुकानं, मोबदला, भूसंपादन, राज्याकडून येणारा पैसा. असं काम वर्षानुवर्षं चालतं आणि त्या काळात दोन-दोन, तीन-तीन नगरसेवक त्याचं श्रेय घेऊन जातात.

महालमध्ये आणखी एक गंमत आहे. हा भाग मध्य नागपूर विधानसभा मतदारसंघात येतो आणि इथले आमदार प्रवीण दटके स्वतः नगरसेवक आणि महापौर राहिलेले आहेत. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांचा वाडा महालातलाच. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांची सुरुवातही नागपूर महापालिकेतून झाली, १९९७ मध्ये ते शहराचे महापौर होते. एवढी मोठी नावं आसपास असली की नालीची तक्रारही थेट वर जाते आणि नगरसेवकाला विचारायचं राहून जातं.

'मंजूर' म्हणजे नक्की काय?

आता त्या ग्रुपवरच्या फोटोकडे परत येऊ. नगरसेवकाच्या अपडेटमध्ये चार-पाच शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो.

'पाठपुरावा केला' म्हणजे पत्र दिलं किंवा अधिकाऱ्याला भेटले. चांगली गोष्ट आहे, पण पत्राला आवक क्रमांक असतो. तो विचारता येतो.

'मंजूर झालं' हा सगळ्यात फसवा शब्द. एखादं काम अंदाजपत्रकात नाव म्हणून आलं तरी 'मंजूर' म्हणतात. त्याचं एस्टिमेट तयार होऊन प्रशासकीय मान्यता मिळाली तरी 'मंजूर'. स्थायी समितीने निविदेला होकार दिला तरी 'मंजूर'. या तीन 'मंजूर'मध्ये कधी कधी दोन वर्षांचं अंतर असतं. पहिल्या टप्प्यावर अडकलेली कामं मार्चअखेर नवीन अंदाजपत्रकात पुन्हा तशीच उमटतात, म्हणून एकाच गडर लाइनचं अभिनंदन लोक दोनदा करतात.

'भूमिपूजन' ऐकून काम सुरू झालं असं वाटतं. खरी तारीख कार्यादेशाची. कार्यादेशात कंत्राटदाराचं नाव, रक्कम आणि काम संपवायची मुदत लिहिलेली असते. भूमिपूजनाच्या फोटोखाली 'कार्यादेश कधीचा आहे?' एवढं विचारलं तरी चित्र बरंच स्पष्ट होतं.

'निधी आणला' असेल तर कुठून, हे महत्त्वाचं. नगरसेवकाचा स्वतःचा वॉर्ड निधी, महापालिकेच्या अंदाजपत्रकातला पैसा, आमदार निधी, खासदार निधी, जिल्हा नियोजन समितीचा पैसा, राज्य सरकारची योजना, या सगळ्यातून गल्लीतला सिमेंट रस्ता होऊ शकतो. रस्ता एकच, फलक तीन, असं का दिसतं त्याचं कारण हेच.

आणि काम पूर्ण झालं म्हणजे काय? अभियंत्याने मोजमाप पुस्तिकेत नोंद केली आणि बिल निघालं की कागदावर काम पूर्ण. ही पुस्तिका माहिती अधिकारात मागता येते. उत्तर साधारण ३० दिवसांत यायला हवं.

क्षेत्रसभा: कायद्यात आहे, मोहल्ल्यात नाही

काटोल किंवा सावनेरच्या एखाद्या गावातून महालमध्ये राहायला आलेल्या माणसाला ग्रामसभा माहीत असते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. सरपंचाला गावासमोर बसावं लागतं. गोंधळ होतो, कधी कोरमच भरत नाही, पण बसावं लागतं. शहरात आल्यावर असं काही नसतं, असं तो गृहीत धरतो.

शहरातही आहे. केंद्र सरकारच्या नागरी पुनरुत्थान योजनेत, म्हणजे 'जेएनएनयूआरएम'मध्ये, राज्यांना एक अट घातलेली होती. पैसे हवे असतील तर शहरांच्या कारभारात लोकसहभागाचा कायदा करा. महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिकांच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि 'क्षेत्रसभा' आली. आज महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात ती कलम २९-ब ते २९-इ मध्ये आहे. नागपूरला पूर्वी १९४८ चा स्वतःचा वेगळा कायदा होता. तो आता राहिलेला नाही, हाच अधिनियम इथे लागू आहे.

कल्पना सोपी आहे. काही मतदान केंद्रांचा मिळून एक भाग म्हणजे 'क्षेत्र'. त्या भागातले सगळे मतदार म्हणजे क्षेत्रसभा. अध्यक्ष नगरसेवक. दोन वर्षांत किमान चार सभा. कोणतं काम आधी व्हावं, दिवे कुठे कमी आहेत, पाण्याची अडचण कुठे आहे, योजनेचा लाभ कुणाला मिळायला हवा, हे लोकांनी तिथे सांगायचं. पुढे कोणती कामं होणार, हे अधिकाऱ्यांकडून तिथे विचारायचं.

म्हणजे नगरसेवकाने वर्षातून दोनदा लोकांसमोर बसणं ही भलाई नाही, त्याच्या पदाचा भाग आहे. पुण्यात नागरिकांच्या संघटनांनी याच कलमांवर बोट ठेवलं आणि क्षेत्रसभा न घेणाऱ्यांचं नगरसेवकपद रद्द करा, अशी मागणीही केली.

मग सभा होत का नाहीत? एक अडचण कागदाची आहे. क्षेत्रं आधी आखून जाहीर करावी लागतात. ती आखलेलीच नसतील तर नगरसेवक सभा बोलावणार कुणाची? चार नगरसेवकांच्या प्रभागात हा गुंता वाढतो. दुसरी अडचण राजकीय आहे आणि ती कुणी बोलून दाखवत नाही. ग्रुपवर फोटो टाकला की उलट प्रश्न आला तरी ॲडमिनला तो उडवता येतो. सभेत उठलेला माणूस उडवता येत नाही.

तोपर्यंत काय करता येतं

महाल महापालिकेच्या गांधीबाग झोनमध्ये येतो. शहराचे असे १० झोन आहेत आणि प्रत्येक झोनची समिती असते, तिला सभापती असतो. नाली, रस्त्यावरचा दिवा, साफसफाई अशा लहान कामांसाठी टाऊन हॉलपेक्षा झोनचं कार्यालय जास्त उपयोगी. तक्रार तोंडी देऊ नका, लेखी द्या आणि पोच घ्या. त्या पोचेचा फोटो चारही नगरसेवकांना एकाच मेसेजमध्ये पाठवला तर 'मला माहीत नव्हतं' म्हणायला जागा राहत नाही.

सर्वसाधारण सभा लोकांना बघता येते. अपवाद वगळता ती सर्वांसाठी खुली असते. सभेची कार्यपत्रिका आधी निघते. तुमच्या चार नगरसेवकांपैकी कुणी किती प्रश्न विचारले आणि सभेला किती वेळा हजर होते, हे माहिती अधिकारात मागता येतं. आमदाराच्या प्रश्नांची मोजणी वर्तमानपत्रं करतात. नगरसेवकाची सहसा कुणी करत नाही.

अंदाजपत्रक १ एप्रिलच्या आधी ठरतं. त्यामुळे गल्लीतलं काम पुढच्या वर्षात हवं असेल तर ते सांगायची वेळ दिवाळीच्या आसपास असते, मार्चमध्ये नाही. पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते. नागपुरात तशी रीत पडायची असेल तर ती मागणीही सभागृहातूनच यावी लागेल.

आणि क्षेत्रसभेसाठी एक साधा अर्ज पुरतो. 'आमच्या प्रभागात कलम २९-ब प्रमाणे क्षेत्रं निश्चित झाली आहेत का, झाली असल्यास पहिली सभा कोणत्या तारखेला आहे?' एक प्रत झोन कार्यालयाला, एक महापालिकेच्या सचिवांना, चार प्रती चार नगरसेवकांना. नवीन सभागृहाची पहिली दोन वर्षं २०२८ च्या सुरुवातीला पूर्ण होतील. तोपर्यंत प्रत्येक क्षेत्रात चार सभा झालेल्या असायला हव्यात.